आसरांची वाट

धाकू नाखवाला भोक म्हणून बघवत नसे. गोणपाटाला असो, छत्रीला असो, नाहीतर शेजाऱ्याच्या बाजेला असो. नजरेस पडलं की त्याची बोटं शिवशिवायची आणि कुणाला विचारायच्या आतच कमरेला खोचलेली जाळं विणायची बांबूची सुई बाहेर यायची. कासारवाडीत येऊन त्याला पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात त्यानं अर्ध्या आळीच्या बाजा विणून दिल्या, देवळातल्या घंटेची दोरी बदलली आणि एका म्हाताऱ्याच्या अंगावरच्या धोतरालाही हात घातला. म्हाताऱ्यानं बोंब ठोकली म्हणून धोतर वाचलं. अशा माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्याच्यावर जरा लक्षही ठेवावं लागतं. भोक दिसलं की ते फाटूनच पडलं असणार, याबद्दल त्याच्या मनात कधी शंकाच येत नाही.

धाकू जातीचा कोळी, कुलाबा जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरचा. होडीत त्याचा चौथा हिस्सा होता आणि गावात नाव होतं ते त्याच्या जाळ्यामुळे. समुद्रात खांब रोवून भरतीच्या तोंडाला मोठं पिशवीसारखं डोल जाळं लावायचं आणि पाणी फिरलं की उपसायचं, हा तिथला धंदा. धाकूच्या डोलीतून पाणीसुद्धा विचारून बाहेर जातं, असं लोक म्हणायचे. पण मग दर्याचं काय बिनसलं कोण जाणे. आधी पापलेट कमी झालं, मग घोळ दिसेनासा झाला, शेवटी बोंबलांनीही पाठ फिरवली. गावानं कोंबडी कापली, देवीला साडीचोळी केली, नारळांचा तर हिशेबच नव्हता. दर्या रागावलाय, एवढंच सगळे म्हणत राहिले. होडी विकली गेली तेव्हा धाकू बायकोला, चांगुणाला, घेऊन घाट चढला.

पिंपरीच्या माळावर तेव्हा एक नवा कारखाना उठत होता. धाकू डोलकाठीवर चढणारा गडी. त्याला परांच्या बांधायचं काम लगेच मिळालं. जागा मात्र मिळेना. एक खोली मिळाली होती, पण चांगुणानं पहिल्याच दिवशी चुलीत सुके बोंबील भाजले आणि तिसऱ्या दिवशी मालकानं हात जोडले. तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. सामानाचं बोचकं घेऊन ती रस्त्याच्या कडेला बसली होती, तिथं तिला आक्काबाई भेटली.

आक्काबाई नदीकाठची भोईण, विधवा, साठीच्या पुढची. लेक शालन जवळच सांगवीला दिलेली. घरात ती एकटी आणि तिची जाळी. तिनं चांगुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बोचक्याचा वास घेतला आणि म्हणाली, "मासळी खाता न्हवं? मग आमचीच की तुमी. चला, पडवी रिकामी हाय."

त्या दिवसापासून आक्काबाईनं चांगुणाला लेकीसारखं संभाळलं. तिला आंबट काय हवं, तिच्या पायाला सूज आली का, सगळं तीच बघायची. म्हातारीचे हे उपकार कसे फेडावेत, याचा धाकूला घोर लागून राहिला होता. भाडं म्हणून ती जे घेई, ते घेतल्यासारखं करायची इतकंच.

आता म्हातारीच्या जागेबद्दल सांगायला हवं, कारण सगळा मामला तिथंच अडलेला आहे. पवना नदीवर कासारवाडीपासून वर रावेतपर्यंत भोयांच्या घरांनी मासे धरायच्या जागा आपसांत वाटून घेतलेल्या होत्या. आषाढात नदीला गढूळ पाणी आलं की मासा खालून वर चढतो. त्या दिवसांत जो तो आपल्या जागेवर आडवं जाळं लावी आणि जाळ्याच्या कडेला बांबूचा पिंजरा ठेवी. वर्षाची मुख्य मिळकत ती. आक्काबाईची जागा सगळ्यांत खालची. चढणारा मासा आधी तिच्या दारात यायचा आणि मग वरच्यांच्या. म्हणून त्या जागेचा मान मोठा आणि राखणही मोठी.

तिचा पुतण्या ज्योतीराम चिंचवडला राहायचा. त्याचा त्या जागेवर डोळा होता. माणूस वाईट नव्हता, पण चार पोरं पदरात आणि वरची जागा खडकाळ. "काकू, तुला आता दिसत न्हाई," तो दरसाल म्हणायचा, "जागा मला दे." अखेर भोयांच्या पंचांनी निवाडा केला होता: म्हातारीच्या हातून राखण नीट होते तोवर जागा तिची. चूक झाली की ज्योतीरामची. त्या जागेशिवाय आक्काबाईला पोटाला दुसरं काही नव्हतं.

आषाढ लागला. नदी लाल झाली. आक्काबाईनं जाळं लावलं, पिंजरा ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी सांगवीहून निरोप आला की शालनचं पोर तापानं फणफणलंय. म्हातारी निघाली. जाताना धाकूला म्हणाली, "उद्या सकाळी येते. जाळ्याकडं जरा नजर ठेव, लेकरा."

त्याहून जास्त काही सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. जे भोयाच्या पोराला बोलता यायच्या आधी कळतं, ते मोठ्या माणसाला काय सांगायचं?

कामावरून सुटल्यावर धाकू नदीवर गेला. अजून उजेड होता. कंबरभर पाण्यात उतरून त्यानं जाळ्यावरून हात फिरवत नेला आणि बरोबर मध्यावर, जिथं धार सगळ्यांत जोराची, तिथं त्याचा हात खांद्यापर्यंत आरपार गेला. हे एवढं भोक! बिचारी म्हातारी. डोळे अधू, हात कापतात, कुणाला सांगायची सोय नाही, आणि अशा फाटक्या जाळ्यावर वर्ष काढते. तिचे उपकार फेडायची वेळ देवानंच आणली, असं त्याला वाटलं.

घरून त्यानं आपला गावाकडचा दोरा आणला. ऐनाच्या सालीत रंगवलेला, तांबडा, खाऱ्या पाण्यालाही दाद न देणारा. शेवटची गुंडी होती ती. दर्याची आठवण म्हणून जपलेली. ती त्यानं म्हातारीच्या जाळ्याला वाहिली. गाठीला गाठ भिडवत, मन लावून, त्यानं ते भोक असं विणून काढलं की तिथून पोराचं बोटही जाऊ नये. मग काठावर येऊन त्यानं आपल्या कामाकडे पाहिलं आणि किती महिन्यांनी पहिल्यांदा त्याला आपण नाखवा आहोत असं वाटलं.

सकाळी पिंजरा उचलवेना. चांगुणाला हाक मारावी लागली. वाम, शिवडे, तळहाताएवढ्या चकचकीत कोळशी. एकावर एक दाटलेले, निम्मे तर गुदमरून मेलेले. पिंजऱ्यात मावले नाहीत ते जाळ्याला तोंडं घासत खालच्या अंगाला तटून राहिलेले. धाकू हरखून गेला. "बघ गो, म्हातारीनं सात जन्मांत पायला नसंल!"

चांगुणा काठावर ओणवी होऊन एकेक माशाचं अंड्यांनी फुगलेलं पोट चाचपत होती. तिच्या पोटामुळे तिला नीट वाकता येत नव्हतं. "सगली गाभोलीची हायती," ती म्हणाली. "एक बी रिकामी नाय."

"मंग बरा हाय की. गाभोली म्हंजे चंगल."

"व्हय," चांगुणा म्हणाली, पण तिनं हातातला मासा हळूच पाण्यात धरून ठेवला.

तेवढ्यात आक्काबाई आली. नातवाचा ताप उतरला होता आणि ती खुशीत होती. तिनं पिंजरा पाहिला, मग जाळ्याकडे पाहिलं. तिला दिसत नाही असं म्हणणाऱ्यांनी तेव्हा तिचे डोळे बघायला हवे होते.

"वाट कुठं हाय?" ती म्हणाली. "माज्या आसरांची वाट कुठं गेली?"

धाकू अजून हसतच होता. "वाट कसली, आये? भोक होता मोठा. बुजवला मी."

आक्काबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात बोलली. नदीत साती आसरा, पाण्याच्या देवी, राहतात, त्यांना रात्री ये-जा करायला जाळ्याच्या मधोमध वाट ठेवायची असते. प्रत्येक भोयाच्या जाळ्याला ती असते. आसरा कुणी पाहिल्या नाहीत. पण त्या वाटेनं मासा वर जातो. वरच्या घरांना त्यांचा वाटा मिळतो, आणि त्यांच्याही वाटेतून जो सुटतो तो पार वरच्या डोहात जाऊन अंडी घालतो. ती पिल्लं पाण्याबरोबर खाली येतात आणि पुढच्या साली नदी भरते. "खालची वाट बुजली म्हंजे सगळी नदी बुजली, लेकरा," ती म्हणाली. "पोटुशी बाई उंबऱ्यात आल्यावर कुणी दार लावतं व्हय रं?"

धाकूनं चांगुणाकडे पाहिलं आणि त्याला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

मग तिघांनी जमेल ते केलं. धाकूनं सुरीनं आपलीच वीण कापली. जिवंत होते ते मासे घागरीत, पाटीत, चांगुणाच्या ओच्यात भरभरून जाळ्याच्या वरच्या अंगाला सोडले. काही तिरपे होऊन तसेच वाहत आले. काहींनी शेपटी मारली आणि गढूळ पाण्यात दिसेनासे झाले. मेलेल्यांची रास काठावर उरली.

"आता कामाव जा," आक्काबाई धाकूला म्हणाली. "वरची मंडळी आज येतील, त्यांच्याकडं रात्री मासा चढला नसंल. तू हितं दिसू नगंस. त्यांना कळलं तर तुमचं बोचकं नदीत टाकतील. बोलायचं ते मी बोलीन."

"पर आये, तुमची जागा..."

"जा म्हनते न्हवं!"

धाकू गेला. आता भित्रा म्हणा हवं तर. पण पाच महिन्यांची पोटुशी बायको आणि डोक्यावर एवढंच छप्पर, अशा माणसाला भित्रा म्हणताना आपण जरा थांबावं. परांचीवर त्याचे हात चालत होते, पण डोकं नदीवर होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची गाठ सुटली. बांबू खाली कोसळला, कुणाच्या डोक्यात पडला नाही हे नशीब. मुकादमानं आई-बाप काढले. धाकू मुकाट्यानं खाली उतरला, आणि खाली उतरल्यावर त्याचे पाय पुन्हा शिडीकडे वळेनात. शिफ्ट तशीच टाकून तो कासारवाडीच्या वाटेला लागला.

नदीकाठच्या पिंपळाखाली भोई मंडळी जमली होती. मधे सोपानराव, चिंचवडचे सगळ्यांत वयस्क भोई, त्यांच्यासमोर आक्काबाई. ज्योतीरामच्या हातात जाळ्याचा कापलेला तुकडा होता. धाकू मागे, बायकांच्या घोळक्याजवळ, चांगुणाच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

"वाट कुणी बुजवली, आक्के?" सोपानरावांनी विचारलं.

"मी," आक्काबाई म्हणाली. "डोळ्यांला दिसत न्हाई आता. फाटलंय वाटलं, शिवून टाकलं."

दरसाल ज्योतीरामच्या तोंडून ऐकून जे तिनं कधी कबूल केलं नव्हतं, ते ती आज आपल्या तोंडानं चारचौघांत म्हणत होती. जागा गेलीच होती. ती आता फक्त पडवीतल्या दोघांना वाचवत होती. हे धाकूला कळलं.

ज्योतीरामनं तो तुकडा वर धरला. भोयांचा दोरा पांढुरका. त्यात हा तांबडा दोरा उन्हात लांबूनही दिसत होता. "काकू, ह्यो दोरा तुज्याकडं कवापास्नं?"

"बाजारातनं आनला."

कुणी हसलं नाही. ज्योतीरामनंही मान खाली घातली. त्याला जागा हवी होती, पण अशी नको होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चांगुणानं धाकूकडे पाहिलं. ती त्याच्या समोरून बाजूला झाली.

धाकू पुढे आला. "आये खोटा बोलतंय," तो म्हणाला. "दोरा माझा, सुई माझी, हात माझा. तिला ठावंच नव्हता. ती सांगवीला होती. मना वाटला, फाटलाय. काय करायचा ते मना करा. तिची जागा काढू नका."

गलका उडाला. "परका मानूस घरात घेतलास, त्याचं हे फळ!" कुणीतरी म्हणालं. आक्काबाई तटकन उठली. मघाशी खोटं बोलताना तिचा आवाज पडला होता, तो आता चढला.

"व्हय, घेतला! पोटुशी बाई रस्त्यात बसली व्हती, तिला वाट दिली. आसरांची वाट राखनाऱ्या घरानं दुसरं काय करायचं व्हतं? सांगा की!"

सोपानरावांनी ज्योतीरामकडून तो तांबडा तुकडा घेतला आणि बोटांनी चाचपला. मग त्यांनी धाकूला जवळ बसवलं आणि ज्या सुरात पाहुण्याला गावचं पीकपाणी विचारतात, त्या सुरात विचारलं, "तुमच्या दर्यात वाट कुठं ठेवता?"

धाकूला क्षणभर हसू आलं. "दर्याला कसली वाट, बाबा? दर्याला अंत नाय. आज नेला, उद्या भरती घेऊन येतंय."

"मग हिकडं कशापायी आलास?"

प्रश्न साधा होता. धाकूला आपली डोल आठवली. दरसाल तिच्या विणीतली घरं तो थोडी थोडी बारीक विणत गेला होता, कारण मोठा मासा कमी झाला तसा लहान तरी सुटू नये. सगळा गावच तसं करत होता, आणि सगळ्यांत बारीक वीण धाकूची. पाणीसुद्धा विचारून जातं! त्या डोलीत शेवटी शेवटी रुपयाएवढी पापलेटं यायची, पाटीच्या पाटी. ती कोण खाणार? वाळूत वाळत टाकायची आणि माडांना खत म्हणून घालायची. त्यानं स्वतः घातली होती. माड जोरात आले होते. दर्यानं तोंड फिरवलं म्हणून गावानं देवीला साडीचोळी केली, पण भरतीबरोबर यायला दर्यात ठेवलं होतं काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

"नाय ठेवली, बाबा," तो म्हणाला. "आमी वाट नाय ठेवली." आणि एवढा डोलकाठीवर चढणारा गडी, चारचौघांत ओंजळीत तोंड घालून रडला.

निवाडा फार लांबला नाही. जागा आक्काबाईचीच राहिली. तसं आधी ज्योतीरामच बोलला, हे त्याच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे. पण यंदाचं चढणीचं पाणी ओसरेपर्यंत तिचा पिंजरा उचलायचा, सगळा मासा वर जाऊ द्यायचा. तोवर तिची चूल धाकूनं पेटती ठेवायची. आणि सकाळ-संध्याकाळ त्यानं पाण्यात उतरून वाट मोकळी आहे ना ते पाहायचं, काटक्या-शेवाळ अडकलं तर काढायचं. चूक करणाऱ्याला इतकी सोपी शिक्षा कशी, असं कुणी विचारलं तेव्हा सोपानराव म्हणाले, "त्याला भोक बघवत न्हाई म्हनं. मग रोज बघू दे की."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी धाकू पाण्यात उतरला. त्यानं घाईनं कापलेल्या जागी धागे लोंबत होते. चार दिवसांत जाळं तिथून उसवत गेलं असतं. काठावर चांगुणा उभी होती, पोटावर हात ठेवून. तिच्याजवळ तांबड्या दोऱ्याचं उरलेलं टोक होतं. त्यानं मागायच्या आधीच तिनं ते पुढे केलं.

आयुष्यभर भोकं बुजवलेल्या त्या माणसानं पहिल्यांदाच एका भोकाला काठ विणला. गोल, भक्कम, सगळीकडून सारखा. पुन्हा कुणा परक्याला ते फाटलंय असं वाटू नये म्हणून तांबडा. विणता विणता तो म्हणाला, "दर्या रागावला नव्हता गो."

"मना काल गाभोली चाचपतानाच वाटला होता," चांगुणा म्हणाली.

शेवटची गाठ मारून त्यानं हात त्या वाटेत तसाच ठेवला. धार मनगटावर आपटत होती. थोड्या वेळानं काहीतरी जड आणि गुळगुळीत त्याच्या तळहाताला घासलं, थांबलं, पुन्हा एकदा घासलं. हात आड येत होता. धाकूनं तो बाजूला घेतला.